‘वहिवाट’मधला ‘हि’ ऱ्हस्व आहे

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. साहेबांच्या वकिली ऑफिसात चोवीस वर्षं कागद सांभाळले, पण स्वतःसाठी एक ओळ लिहिली नाही. आता लिहायला कारण आहे. डोंगरावरच्या ध्यानकेंद्राचं पत्र आलं. २१ तारखेपासून दहा दिवस मौन, माझी जागा पक्की. अकरा वर्षं अर्ज करतो आहे. दर वर्षी कोर्टाची कुठली तरी तारीख आडवी येते. पत्रात लिहिलं आहे, मोबाईल दाराशी जमा करावा. हे वाक्य तीनदा वाचलं.
साहेबांना सांगितलं. म्हणाले, जा की भाऊ, खुशाल जा. फक्त जुन्या निकालांचं सगळं संशोधन ऑनलाइन चढवून जा. तुम्ही नसताना कुणालाही सापडलं पाहिजे. सापडलं तर रजा.
न सापडायला काय झालं?

३ फेब्रुवारी
आजवरची पद्धत साधी. कुणाला जुना निकाल हवा असला की माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचं, भाऊ. मी क्षणभर डोळे मिटतो आणि सांगतो, तिसरं कपाट, हिरवी फाईल. आता त्याऐवजी ‘कोठार’ नावाची सिस्टीम. निकाल चढवायचा, त्याला विषयाचे शब्द जोडायचे. मग कुणीही शब्द टाइप करून ‘शोधा’ दाबलं की निकाल हजर.
आज सुरुवात केली. संकल्प: रोज दीडशे निकाल. पहाटे अर्धा तास ध्यान. चहा एकच.

४ फेब्रुवारी
निकाल एकोणीस. चहा चार. ध्यानात डोळ्यांपुढे कोठार उघडताना पडद्यावर येणारं ते गोल फिरणारं चक्र येत राहिलं. त्यालाच नामस्मरणाचं साधन करावं म्हटलं तर मध्येच थांबलं आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं दिसलं.

६ फेब्रुवारी
वेग आला. आधी का अडत होतं ते सापडलं: सिस्टीमचे मथळे कोरडे आहेत. दिवाणी, फौजदारी, महसूल. यात माणूस कुठे आहे? मी स्वतःचे मथळे केले. ‘भावाभावांचं’. ‘शेजाऱ्यांचं’. ‘शब्द दिला आणि फिरवला’. ‘मुलं विचारत नाहीत’. शेवटच्यात अडीचशे निकाल गेले. मन भरून आलं.
ज्युनिअर मॅडमनी विचारलं, भाऊ, यात कलम कुठे टाकायचं? मी म्हटलं, माणसं आधी भांडतात, कलम नंतर लागतं. त्या आपल्या जागेवर परत गेल्या. पटलं असावं.

९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ११
भयंकर शोध. सेटिंगमध्ये एक यादी सापडली. दोनशे बारा ओळी. प्रत्येक ओळीत एक शुद्ध शब्द आणि त्याच्यापुढे दोन-तीन अशुद्ध! ‘मृत्युपत्र’ आणि शेजारी ‘मृत्यूपत्र’. ‘भाडेकरू’ आणि शेजारी ‘भाडेकरु’. ‘वहिवाट’ आणि शेजारी ‘वहीवाट’. वर नाव काय, तर ‘पर्यायी शब्द’. चुकीला पर्याय म्हणायचं!
आमच्या गावच्या शाळेत गुरुजी चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहून घेत. वेलांटी चुकली तर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करत. ते आज असते तर हे बघून वर्गाबाहेर निघून गेले असते. मी आहे. मी निघून जाणार नाही.

११ फेब्रुवारी
तीन दिवस एकेक अशुद्ध शब्द पुसला. निकाल चढवायचं काम मागे पडलं, पण पाया स्वच्छ नसेल तर वर इमारत कशाला? पुसताना मनात नाव घेत होतो. इतकं शांत कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.
हिला सांगितलं. म्हणाली, घरातली जाळी-जळमटं याच भक्तीनं काढली असती तर मीच तुम्हाला डोंगरावर सोडून आले असते. शिवाय मौनासाठी एवढ्या लांब कशाला, जेवताना रोज पाळताच की.

१२ फेब्रुवारी
राहिलेले निकाल टायपिस्ट बाईंच्या मदतीनं एका दिवसात चढवले. कोठार पूर्ण. आणि एक धाडसी निर्णय: मूळ कागद पोत्यांत भरून शहराबाहेरच्या गोदामात पाठवले. पोत्यांवर नंबर टाकायचे राहिले, पण आता पोती लागणार कुणाला? तीन नंबरच्या कपाटात केरसुणी ठेवली. मोकळं कपाट बघून आपणही मोकळे झालो असं वाटलं.

१३ फेब्रुवारी
साहेबांनी चाचणी घेतली. ‘मृत्यूपत्र’ टाइप केलं. उत्तर: काही सापडले नाही. मी नम्रपणे सांगितलं, त्यु ऱ्हस्व. साहेबांनी ऱ्हस्व केला, एकतीस निकाल आले. मग त्यांनी ‘भाडेकरु’ टाकलं. काही नाही. मी म्हटलं, रू दीर्घ. साहेब म्हणाले, भाऊ, मी वकील आहे, पाचवीतला विद्यार्थी नाही.
सिस्टीमवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, अहो, ती यादी चुकीच्याच शब्दांची होती. लोक चुकीचं टाइप करतात, तरी त्यांना सापडावं म्हणून. परत आणता येईल का विचारलं. म्हणाला, पुसताना दर वेळी ‘नक्की?’ असं विचारलं होतं ना?
विचारलं होतं. मी दर वेळी ‘नक्की’ म्हटलं होतं.

१४ फेब्रुवारी
नीट विचार केला. चूक माझी नाही, लोकांच्या शुद्धलेखनाची आहे. आणि ते सुधारता येतं. शुद्ध शब्दांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून प्रत्येक कॉम्प्युटरवर चिकटवली. साहेबांच्या कॉम्प्युटरवर जरा मोठ्या अक्षरात. साहेब यादीकडे पाहून बराच वेळ गप्प होते. मौनाची लागण होते आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार
शिंपी आला होता. आपला जुना पक्षकार. चाळीस वर्षं शेजाऱ्याच्या अंगणातून त्याच्या दुकानाची वाट आहे. आता शेजाऱ्यानं भिंत घातली. दुकानाला दुसरं दार नाही, गिऱ्हाईक खिडकीतून मापं देतं. म्हणाला, भाऊ, बायका खिडकीतून कशा येतील? दुकान बंद पडेल हो. शुक्रवारी सुनावणी आहे.
त्याला पाणी दिलं आणि निर्धास्त राहा म्हटलं. अगदी असाच जुना निकाल आपल्याकडे आहे, त्यात भिंत पाडायला लावली होती. आता तर तो कोठारात आहे. मॅडम एका मिनिटात काढतील.
मनात आलं, बरं झालं. शुक्रवारी निकाल सापडणार, शनिवारी मी डोंगरावर.

१८ फेब्रुवारी
मॅडमनी माझ्या यादीत बघून अगदी शुद्ध ‘वहिवाट’ टाइप केलं. शाबास. चौदा निकाल आले. त्यात तो नाही.
‘शेजाऱ्यांचं’ हा मथळा उघडला. चारशे बारा निकाल. ‘भिंत’ टाकलं. काही नाही, कारण भिंतीला मी ‘मनातलं अंतर’ असा शब्द जोडला होता. तो टाकला तर सगळे घटस्फोटाचे निकाल आले. मॅडम म्हणाल्या, भाऊ, तुम्हीच डोळे मिटून सांगा ना. मिटले. तिसरं कपाट, हिरवी फाईल. तिथे केरसुणी.
गोदामात फोन केला. पोती एकशे साठ.

१९ फेब्रुवारी, दुपारी ४
सकाळपासून शिंपी बाकावर बसून आहे. काही विचारत नाही. त्याच्या न विचारण्यानं मान वर करवेना.
तीन वाजता मॅडमनी वैतागून कीबोर्डवर बोटं आपटली. चुकून दीर्घ पडला: ‘वहीवाट’. एक निकाल आला. तोच! खाली लिहिलेलं होतं: चढवणारे, भाऊ. तारीख ३ फेब्रुवारी.
पहिल्या दिवशी डोळ्यांवर ताण होता. कीबोर्डही नवा होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. भल्या घरची मुलगी आहे.
दुरुस्त करायला गेलो तर त्या एकदम ओरडल्या, भाऊ, हात लावू नका!

२० फेब्रुवारी
निकाल कोर्टात वाचला गेला. शिंप्याची वाट तूर्त मोकळी करायचा हुकूम झाला. त्यानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, तुमच्यामुळे. मी म्हटलं, सिस्टीममुळे. हे नम्रतेनं म्हटलं, पण मागे उभे साहेब मोठ्यानं हसले.
मग केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, भाऊ, कोठारात काय आहे हे फक्त तुम्हाला माहीत. कुठे आहे हे तुम्हालाही माहीत नाही. आता दहा दिवस तुम्हाला सोडू कसा? शिवाय आजपासून तुम्हाला नुसतं बघता येईल. बदल करायचा अधिकार काढून घेतला आहे.
ध्यानकेंद्राला विचारलं, मोबाईल नुसता थरथरत ठेवला तर चालेल का. उत्तर लगेच आलं. पुढच्या वर्षी अर्ज करावा.
हिला सांगितलं.  आज तिनं पानात नेहमीपेक्षा जास्त वाढलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार
सिस्टीमवाल्यानं साहेबांच्या सांगण्यावरून सोय केली आहे. आता काही सापडलं नाही की सगळ्यांच्या पडद्यावर येतं: ‘काही सापडले नाही. भाऊंना वीचारा.’
वि दीर्घ! माझ्या नावाशेजारी! सकाळपासून अकरा जण टेबलाशी आले. प्रत्येकाला आधी सांगितलं की तो वि ऱ्हस्व आहे.
स्वतः दुरुस्त करता येत नाही. अधिकार परत मिळवायचा अर्ज करावा लागतो. अर्जाचा नमुना कोठारात ठेवला आहे म्हणे. ‘अर्ज’ टाइप करून ‘शोधा’ दाबलं.
काही सापडले नाही. भाऊंना वीचारा.