दुसरी मंजुरी

८ ऑक्टो. २००७, सोम.
झाली एकदाची उभी बँकेची सर्टिफिकेट यंत्रणा! पुण्याचा इंजिनियर दुपारच्या गाडीनं गेला. रूट, म्हणजे सगळ्यांच्या वरचं मूळ सहीचं मशीन, बंद करून तिजोरीच्या खोलीत ठेवलं, त्याला कुठलीही वायर जोडायची नाही. रूटनं सही केलेली खालची ऑथॉरिटी, रोजचं काम करणारं मशीन, मी आणि दिपके बसतो त्या खोलीत. बँकेच्या प्रत्येक शाखेच्या कॉम्प्युटरला ती सर्टिफिकेट देणार. ते नसलं तर हेड ऑफिसचं मशीन शाखेला ओळखच देणार नाही.
नियम दिपकेचा. प्रत्येक कामाला दोन मंजुऱ्या, एक माझ्या कार्डानं, एक त्याच्या. कार्ड रद्द करायचं तरी दोन. "एकट्याच्या हाती चावी न्हाई पाह्यजे मॅडम. मग ते तुमी असा का मी."
साहेबांना तिसरं राखीव कार्ड हवं होतं. दि. म्हणे दिवाळीनंतर. दोघांचा पिन अजून कंपनीनं दिलेला, एकच. तोही दिवाळीनंतर बदलू. आमच्या हिंगोलीत सगळं दिवाळीनंतर.

१२ ऑक्टो., शुक्र.
औंढा झालं, पुसेगाव झालं. आखाडा बाळापूर राहिलं. तिथलं तात्पुरतं सर्टिफिकेट महिनाअखेर संपतं, मग शाखा बंद पडल्यात जमा.
दि. चहा संपल्याशिवाय मंजुरी देत नाही. मी माझी देऊन बसते, स्क्रीनवर "दुसऱ्या मंजुरीची प्रतीक्षा", आणि हा बशीत फुंकर मारतोय! ओरडले तर म्हणतो, "चहा थंडा करून काहून मंजुरी देऊ?"
याच्याशिवाय खोलीत करमत नाही, हे त्याला कधी सांगणार नाही. डोक्यावर बसेल.

२० ऑक्टो., शनि. खंडेनवमी
शिपाई सखाराममामांनी ताट मांडलं. पेचकस, कात्री, तिजोरीच्या किल्ल्या, आणि हट्टानं आमची दोन्ही कार्डं.
दि. हसला. "मामा, आमी बौद्ध मान्सं. आमचं कार्ड काहून ताटात?"
"तुमचं हत्यार मागं ठिवलं तर रुसंल ना ते, साहेब."
दिलं मग. कुंकू, झेंडू, नारळ. नंतर रुमालानं पुसून एकेक उचललं. कोरी पांढरी कार्डं, नाव आत चिपमध्ये. माझ्या कार्डाच्या कडेला अजून कुंकू आहे.

२६ ऑक्टो., शुक्र.
दिपके गेला.
काल बाळापूरला निघाला होता, शाखेचं मशीन तयार करायला. जाताना म्हणाला, "काळजी नका करू मॅडम, महिनाअखेर बाळापूर अडू देणार न्हाई." तिथं मशीन तयार करून बाहेर आला, पायरीवर बसला आणि तसाच. बेचाळीस वर्षांचा माणूस.
आज अग्नी दिला. दिपके वहिनींकडे पाहवेना.

२९ ऑक्टो., सोम.
बाळापूरची मागणी स्क्रीनवर आलेली. काल परवा कुणीच उघडली नव्हती. माझी मंजुरी दिली, उगाचच. दुसरी कोण देणार? साहेबांना विचारायला वर गेले.
परत आले तर मामा चहा ठेवून दाराशी उभे. दोन कप. एक माझ्या टेबलावर, एक त्याच्या. "सवयीनं आनले मॅडम." बिचारे रडायलाच लागले.
मग स्क्रीनकडे पाहिलं. बाळापूरचं सर्टिफिकेट निघालेलं. दोन्ही मंजुऱ्या हिरव्या. एक माझ्या नावची, एक सुभाष दिपके.
त्याच्या टेबलावरच्या, कार्ड घालायच्या रीडरचा दिवा लागलेला होता. आत कार्ड नव्हतं.

३१ ऑक्टो., बुध.
बाळापूर चालू. साहेब म्हणतात, "त्याचं कार्ड कुणाच्या तरी हाती लागलंय. शोधा. माझ्यापेक्षा तुम्हाला महाग पडेल." बरोबर आहे. जबाबदारी माझ्या नावावर आहे.
खोलीत एकटी बसत नाही. मामांना दाराशी स्टूल टाकायला सांगितलंय.

३ नोव्हें., शनि.
आज सहज माझं कार्ड रीडरमध्ये घालून आतलं नाव वाचलं.
सुभाष दिपके.
मोठ्यांदा हसले. मामा धावत आले. अहो, ताट! खंडेनवमीच्या ताटात कार्डं बदलली. पिन एकच, म्हणून दोघांनाही कळलं नाही. त्याची म्हणून दिसणारी मंजुरी माझीच होती! इतके दिवस उगाच जीव मुठीत धरून...
घरी जेवताना घास हातातच राहिला.
मग माझ्या नावची मंजुरी कोणी दिली?

४ नोव्हें., रवि.
वहिनींकडे गेले. इकडचं तिकडचं बोलून कार्डाचं विचारलं.
"पांढरं ना? त्यांच्या खिशातच व्हतं. नवा सदरा घातला तवा मीच पुन्हा खिशात ठिवलं. लई जीव व्हता त्यांचा त्याच्यावर. संगंच गेलं, मॅडम."
"जळालं?"
"व्हय. का वं? लागत व्हतं का?"
नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

५ नोव्हें., सोम.
साहेबांना सांगितलं, कार्ड चितेत गेलं. एवढंच. म्हणाले, रद्द करा लगेच.
माझ्या नावचं कार्ड रद्द करायला बसले. ते रद्द होईतोवर माझ्या नावची मंजुरी कुठल्याही कामावर पडू शकते, आणि मला सिद्ध करता येणार नाही की मी नव्हते. झालं नाही तर रूट बाहेर काढून सगळं पहिल्यापासून, नोकरी राहिली तर.
कारण निवडलं: कार्ड नष्ट. हातातलं कार्ड घातलं. सुभाष दिपके, हिरवं. खाली: "दुसऱ्या मंजुरीची प्रतीक्षा." दुसरी माझ्या नावची. ती त्याच्याकडे.
संध्याकाळपर्यंत तेच. त्याच्या टेबलावरचा दिवा बंद.

६ नोव्हें., मंगळ.
अजून प्रतीक्षा.
मंजुरी आली तर मी सुटले. आणि तो कायमचा गेला. सकाळपासून ठरवता येत नाही की मला काय हवंय. भीती वाटते, आणि आठवण येते, दोन्ही एकदम.
चार वाजता मामांना हाक मारली. म्हटलं, दोन कप आणा. मामांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा कप त्याच्या टेबलावर ठेवला, बशीसकट, आणि बाहेर जाऊन बसले.
कपातून वाफ येतेय. मी इथं लिहीत बसलेय. घाई करणार नाही. आधी चहा होऊ दे त्याचा.