इंग्रजी कोण घेणार?

१३ जून १९७८, मंगळवार

शाळा उघडली आणि पहिल्याच मीटिंगला इंग्रजीचं घोंगडं भिजत पडलं. इंग्रजीचे सर सुट्टीतच सोडून गेले, पुण्यात नोकरी लागली त्यांना. हेडसर म्हणाले, "दहावीचं इंग्रजी कोण घेणार?" सगळ्यांच्या माना खाली! हिंदीवाल्या सरांना लगेच ब्लडप्रेशर आठवलं. विज्ञानवाले म्हणाले, आधीच दोन विषय आहेत, तिसरा दिलात तर राजीनामा देतो. ड्रॉइंगचे जयसिंग सर म्हणाले, "मी फार तर ॲपल काढून दाखवीन."

मी हात वर केला. मी! बी. ए. इतिहास. बी. एड.लाही इतिहास आणि मराठी. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास. हेडसर चष्म्यावरून बघत राहिले. "मुलाणी बाई, तुम्हाला येतं?" म्हटलं, शिकवता शिकवता येईल. सगळे हसले. हसू देत.

खरं कारण तिथे सांगितलं नाही. अब्बा खडकीला लष्कराच्या मेसमध्ये खानसामा होते. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण रश्श्यात मीठ जास्त की कमी यावरून साहेबाशी इंग्रजीत भांडायचा! गरज पडली की भाषा येते, हे मी घरातच पाहिलंय. तसं कुणी शाळेत शिकवत का नाही, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला. आता बघतेच.

२० जून

पहिला तास. विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?" पहिला उठला — "माय नेम इज रमेश." बरं. दुसरा उठला — "माय नेम इज रमेश." तिसराही रमेश! मुलीसुद्धा रमेश. गाईडमध्ये तसं छापलंय, आणि पाच वर्षं तेच पाठ करून घेतलंय त्यांच्याकडून. शेवटच्या बाकावरची साळू उठली. भिकू दूधवाल्याची, वरच्या वस्तीवरून चालत येते. म्हणाली, "बाई, माजं नाव साळू हाय. तरी रमेशच म्हनायचं का?"

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला. अजून गेलेला नाही.

३ जुलै

गाईडं गोळा केली. वर्गाला बजावलं, चुकलं तरी चालेल, स्वतःचं लिहा. दुसऱ्याचं बरोबर आणलंत तर फोडून काढीन.

१९ ऑगस्ट

पाऊस, निम्मा वर्ग भातलावणीनंतरच्या तापानं घरी. साळू आली. फळ्यावर लिहून दाखवलं — आबा, म्हणजे तिचे वडील, पहाटे उठतात, म्हशी पिळतात, एस्टीच्या टपावर किटल्या चढवतात. इंग्रजी निम्मं चुकलेलं. पण रमेशच्या घरी म्हशी नव्हत्या, या पोरीच्या घरी आहेत! मी "शाबास" म्हटलं. ती म्हणाली, "पर चुकलंय न्हवं?" म्हटलं, चुकलंय, पण तुझं आहे. मान डोलावली तिने. घरी येईपर्यंत मी खूश होते.

१२ नोव्हेंबर, रविवार

भिकू खोलीवर आला. दारातच बसला, आत येईना. त्याची मेव्हणी पुण्याच्या दवाखान्यात आया आहे. तिने सांगितलंय, नर्सचं शिकायला मुली घेतात, राहायची सोय आहे, पण दहावी इंग्रजीसकट पास पाहिजे.

"बाई, येकाच टायमाला पास झाली तर धाडतो. भावकी काय म्हनंल ते म्हनू दे. पर नापास झाली तर कोळवणचं स्थळ थांबलंय. लई थांबायचं न्हाईत ती लोकं. बाकीच्या विषयांचं मला भ्या न्हाई. विंग्रजीचं तेवढं तुमच्यावर हाय."

माझ्यावर. काठावर पास झालेल्या बाईवर! तो गेल्यावर भाकरी करायला घेतली, ती करपली.

३० जानेवारी १९७९

हैबतराव आले होते. शाळेचे चेअरमन, निम्म्या शिवाराचे मालक. गेल्या वर्षी इंग्रजीत जवळजवळ सगळा वर्ग आपटला. यंदाही तसंच झालं तर दहावीचा वर्ग काढून घेतील म्हणे. "गावाचं नाक जाईल," म्हणाले. मग हळूच, "औंदा परिक्षेचं शेंटर आपल्या हितंच घेतलंय. येनाऱ्या पाव्हण्यांची जेवनाखान्याची बडदास्त मी बगतो. कोंबड्यांना तोटा न्हाई."

सगळे मास्तर हसले. मला उशिरा समजलं.

मार्च, पेपरच्या आदल्या दिवशी

हेडसरांनी बोलावलं. दार लोटून घेतलं. उद्या पेपर फुटला की — म्हणजे वाटला गेला की! — पहिल्या अर्ध्या तासात उत्तरं तयार पाहिजेत. मी ऑफिसात बसून लिहायची, नथू शिपाई पाण्याच्या कळशीबरोबर वर्गात नेणार. बाहेरून आलेले सुपरवायझर तेवढा वेळ व्हरांड्यात पान खाणार.

मी नाही म्हटलं. आवाज चढला माझा. वर्षभर शिकवलंय, म्हटलं, त्यांना लिहू द्या. हेडसर म्हणाले, "बाई, तुमची हौस झाली. आता वर्ग वाचवायचाय." आधीच आत बसलेले जयसिंग सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मी उतरवतो गाईडातनं. मला अर्थ कशाला कळाय पायजे? अक्षर चांगलं हाय माझं."

घरी येताना साळूची वस्ती वर दिसत होती. जाऊन सांगावं का — बये, उद्या जे देतील ते लिही? पाय वळले, पुन्हा मागे आले. कोणत्या तोंडाने सांगू?

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी

झालं सगळं ठरल्यासारखं. मला ऑफिसात बसवून ठेवलं होतं. खिडकीतून दिसत होतं — माना खाली, हात चालू, अख्खा वर्ग एका लयीत. फक्त साळू मध्येच थांबायची, पत्र्याकडे बघायची, मग लिहायची.

सुटल्यावर धावत आली. "बाई, कागूद आल्ता माज्याकडं. म्या पुढं ढकलला. समदं माजं मीच लिवलं!"

तोंड फुललेलं होतं पोरीचं. मी काय केलं? पाठ थोपटली. दुसरं काय करणार होते! मागे पाहुण्यांच्या पंगतीसाठी पानं मांडत होते.

एप्रिल

हैबतराव सगळ्यांशी गोड. माझ्याशी बोलत नाहीत. हिंदीवाले सर मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, तुमचा मान राखला आम्ही, तुम्हाला हात लावायला लावला नाही. म्हणजे आता मीच उपकाराखाली!

जून, निकाल

वर्ग पास. गावात गुलाल, हलगी. ज्याला अजून एबीसीडी सलग येत नाही त्याला इंग्रजीत अठ्ठावन्न.

साळू नापास. एकटी. बाकी सगळ्या विषयांत वर, इंग्रजीत एकोणतीस. ग्रेसमध्येही बसली नाही. तपासणाऱ्याने एकामागून एक तोच सुंदर निबंध वाचला असेल, आणि मध्येच या पोरीच्या म्हशी आल्या असतील. त्याला तरी काय बोल लावू?

हेडसरांनी पेढा पुढे केला. घेतला मी. खाल्लासुद्धा.

दोन दिवसांनी

भिकू आला. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. "समद्या गावाची पोरं पास झाली, बाई. माजीच कशी ढ निगाली?"

सांगायचं काय, की तीच एक शिकली होती म्हणून? पुन्हा पुन्हा विनवलं — ऑक्टोबरची परीक्षा असते, तेवढी देऊ दे. कोळवणच्या लोकांना दिवाळीपर्यंत थांबवतो म्हणाला. त्यापुढे नाही.

साळू मागे उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला सत्कार! तालुक्यातल्या ग्रामीण शाळांमध्ये इंग्रजीचा निकाल उत्तम, म्हणून शाल आणि नारळ. इतिहासाच्या बाईंनी आवडीने इंग्रजी घेतलं, असं हेडसर भाषणात म्हणाले. आणि पुढच्या महिन्यात पुण्याला इतर मास्तरांपुढे बोलायचंय — "माझी अध्यापन पद्धत." नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर टाळ्या वाजल्या.

शाल ट्रंकेच्या तळाशी टाकली.

९ सप्टेंबर

साळू शनिवार-रविवार येते. शेण-पाणी उरकून, भिजत. बोलत नाही पूर्वीसारखी. लिहायला सांगितलं की लिहिते. खूप सुधारलंय. निबंधाची पद्धत शिकवली, थोडं पाठही करून घेतलं — हो, मीच! तिने मुकाट्याने केलं. एकदाच म्हणाली, "बाई, बाकीच्या पोरी काय करत्यात आता?" म्हटलं, कुणी कॉलेजला, कुणी घरी. "त्यास्नी आता कुनी विंग्रजी इचारतं का?" मी विषय बदलला.

ही पोरगी पास व्हायलाच पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी.

ऑक्टोबर, पेपरच्या आदल्या दिवशी, पुणे

साळूचं केंद्र इथलंच, आणि इथेच सुपरव्हिजनला माझं नाव आलंय. इंग्रजीच्या पेपरला इंग्रजीची बाई वर्गात चालत नाही. पण दप्तरी मी इतिहासाची! कुणी हरकत घेतली नाही. साळूचा नंबर ज्या वर्गात आहे तो वर्ग दुसऱ्या बाईंकडून बदलून घेतला. कारण विचारलं तर सांगितलं, जिने चढवत नाहीत.

मन थाऱ्यावर नाही. तिला स्वतःच्या जोरावर जमेल. बहुतेक जमेल. पण "बहुतेक"वर पोरीचं आयुष्य लावायचं? मार्चमध्ये लावलं होतं.

तिच्यासाठी उत्तरं लिहिणार मी. अगदी थोडं, पासापुरतं. अब्बा असते तर थोबाडीत मारली असती. मारू दे. भीती त्याची नाही. भीती एवढीच की ती घेणार नाही. कागद माझ्या हातात परत ठेवील आणि म्हणेल, बाई, तुमीच सांगितलं व्हतं. मग मी कुठे जाऊ?

दुसऱ्या दिवशी

पाणी द्यायच्या निमित्ताने तिच्या बाकाशी गेले. उत्तरांच्या कागदाची घडी तिच्या पॅडखाली सरकवली.

तिने वर बघितलं. राग नाही, लाजही नाही. घडी बोटाने माझ्याकडे परत ढकलली.

हळू आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाई. आमच्या आबांनी मगाशीच खिडकीतनं दिलीया. ह्या पलीकडच्या पोरीकडं कायच न्हाई, तिला द्या."

दिली.