निजणाऱ्यांचा हूक

अण्णा, हॅम्बुर्गहून तुम्ही आणलेला हूक प्रवाशांच्या बिछान्याचा नव्हता. तो जखमी सैनिकांच्या स्ट्रेचरचा होता. तिथल्या एका संग्रहालयातल्या बाईंनी काल फोनवर तसं नक्की सांगितलं. मी त्यांना फोटो पाठवले होते. विमान तुम्ही सांगायचात तेच, पाण्यावर उतरणारी ती सहा इंजिनांची उडती बोट. हूकही तिचाच. काम तेवढं वेगळं.

मी विचारायला गेले ते धाकटीमुळे. तिची मुलगी, तुम्ही न पाहिलेली नात, झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिला आता मुलगी झाली आणि शनिवारी बारसं आहे. धाकटीचा हट्ट असा की पाळणा अण्णांच्या हुकालाच टांगायचा, ती स्वतः त्याच्याखालीच वाढली म्हणून. तुमच्यामागे हूक माझ्याकडे आला, तो स्टुटगार्टला माझ्या घरी आहे. भाचीला त्याची गोष्ट चौकटीत बसवून पाळण्याशेजारी लावायची आहे आणि ती मी लिहायची आहे. तिचा पाच वर्षांचा थोरला बोटीला ‘ते बोट’ म्हणतो, जर्मनमध्ये ती नपुंसकलिंगी ना. “पणजोबांच्या कारखान्यात उडतं बोट होतं?” त्याने विचारलं. भाची म्हणाली, “उडतं नाही रे, उडती.” “जा, उडती,” असं जर्मनमधलं हो म्हणाला, आणि आपलं बोट हवेत उडवत निघून गेला.

खडकीचं स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय. झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला, झोळीत धाकटी. तुम्ही पाटावर बसून सांगताय: माणसांना न थांबता थेट अमेरिकेला न्यायचं म्हणून ही बोट आखली. दिवसा खुर्च्या, रात्री त्यांचेच बिछाने. विहिरीत पोहताना बांधतात तसे भोपळे पंखांच्या टोकांना, आणि बोट उडाली की भोपळा मधोमध उघडून पंखात मिटून जायचा. ते तुम्ही दोन्ही तळव्यांनी दाखवायचात. तुम्ही हॅम्बुर्गच्या गोदीत शिकाऊ म्हणून गेलात तेव्हा बोट केव्हाच संपली होती, पण तिच्यावर काम केलेला म्हातारा उस्ताद, माइस्टर, तुम्हाला शिकवायला होता. एवढं सांगून झालं की “मग लढाई आली” म्हणायचात आणि चहा मागायचात.

बाईंनी पुढचं सांगितलं. बोट पहिल्यांदा उडाली तेव्हा लढाई सुरूच होती. दारं रुंद करून घेतली. जाताना सामान आणि सैनिक, येताना जखमी. तिकीट काढून अमेरिकेला तिच्यातून एकही माणूस गेला नाही. मग त्यांनी विचारलं, हूक देताना माइस्टर नेमकं काय म्हणाला होता? ते मला पाठ आहे: “फ्युअर दी लीगेंडन.” तुम्ही आम्हाला त्याचं मराठी केलंत, निजणाऱ्यांसाठी. “गेनाऊ, अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “लीगेंडन म्हणजे ज्यांना बसवून नेता येत नाही ते.” इथे माझी तीस वर्षं झाली. आमच्या ह्यांना अँब्युलन्सने नेलं तेव्हा तिथल्या माणसाने हाच शब्द वापरला होता. तेव्हा मला हूक आठवला नाही.

झोळी सुटल्यावर एकदा मी त्या हुकाला लोंबकळले होते. तुम्ही कधी ओरडायचा नाहीत, त्या दिवशी ओरडलात. “उतर खाली. माणसं निजलीयत त्याच्यावर.” निजलीयत. निजणार होती, असं नाही म्हणालात. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, पण हे क्रियापद मला हलवता येत नाही. तुम्हाला ठाऊक होतं? मग तान्ही मुलगी तिथे कशी टांगलीत? की ठाऊक होतं म्हणूनच टांगलीत, ज्याने जखमी माणसं पेलली तो हिलाही पेलेल म्हणून? की रागात शब्द मागेपुढे झाला, आणि मीच त्याला लटकून राहिले आहे?

काल संध्याकाळी धाकटीचा फोन आला. “ताई, गोष्ट लिहून झाली का गं?”

“लिहितेय.”

“एवढं काय लिहितेस? अण्णा तर दोन वाक्यांत सांगायचे.”

तेच तर. तिला सांगितलं तर ती झिडकारेल, की रडेल, की हूक नकोच म्हणेल, मला अंदाज येत नाही. माझ्या बहिणीचा मला अंदाज येत नाही असं सहसा होत नाही. तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणूनच तुमच्यापाशी बोलते आहे.

धाकटी शुक्रवारी इथे उतरेल. घरमालकाने भोक पाडायला परवानगी दिली आहे, लेखी. शनिवारी सकाळी भाचीचा नवरा शिडीवर चढून “मावशी, कुठे?” विचारेल आणि मी जागा दाखवीन. तोवर चौकटीतला मजकूर द्यायचा आहे. हूक कोणासाठी होता, तो एकच शब्द मी अजून कोरा सोडला आहे.

आज सकाळी मी हूक साबणाने धुतला. पुसून ठेवला, आणि पुन्हा धुतला. त्याच्यावर काहीच नव्हतं, अण्णा.