वस्तादाला ठेवायचं की काढायचं

आण्णा, काल आमच्या घरात भांडण झालं आणि मला तुमची आठवण आली. भांडण तसं किरकोळच. माझा नातू आणि त्याचा मित्र टीव्हीसमोर बसून कुठल्याशा परदेशी फुटबॉल क्लबच्या मॅनेजरवर तोंडसुख घेत होते. एक म्हणत होता, इतकी वर्षं खुर्चीला चिकटून बसलाय, आता हाकला त्याला. दुसरा म्हणत होता, क्लब उभा कुणी केला, त्यानंच ना? मी शेंगा सोलत बसले होते. मी विचारलं, "अरे, पण त्याला स्वतःला काय पाहिजे, ते विचारलं का कुणी?" दोघंही हसले. "आजी, मॅनेजरला कोण विचारतं?" नातवाला तुम्ही फक्त फोटोतले माहीत. हार घातलेले, कप मांडीवर घेतलेले, फोटोवाल्यानं किती सांगितलं तरी न हसलेले. त्या फोटोत तुम्ही का हसला नाहीत, हे त्याला सांगायला बसले तर मॅच सुटेल. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तुम्ही गिरणीत सायझिंग खात्यात मुकादम होता. सुताला खळ लावायची, ते वाळवून ताठ करायचं, म्हणजे मागावर तुटत नाही, हे तुमचं काम. पण चाळीत तुम्हाला मुकादम कुणी म्हणत नसे. कुस्तीच्या आखाड्यातला शब्द फुटबॉलला लावून सगळे तुम्हाला वस्तादच म्हणायचे. माझ्या जन्माआधीपासून संघ तुमच्या हाताखाली. रात्रपाळी करून आलेल्याला तुम्ही मैदानात उतरू द्यायचा नाही, मग तो कितीही चांगला खेळो. त्यावरून शिव्या खायचात आणि उलट दोन घालायचात. आपल्या बाहेरच्या खोलीत आईची खाणावळ. खेळणारे तिथंच जेवायचे आणि बघणारेही, त्यामुळं संघाचा सगळा कारभार भाकरीच्या ताटावर चालायचा. आपल्या संघाला ना अध्यक्ष ना घटना. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा होते, तशी आपल्याकडं चेंडूची व्हायची. हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती, सगळं. मग मंडळी ज्याच्या हातात नारळ देतील त्यानं तो फोडायचा आणि तो वर्षभराचा वस्ताद. मला कळायला लागल्यापासून तो नारळ दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला मी पाहिला नव्हता. तो तुमच्याकडंच यायचा, जसं जेवताना पाणी पुढं येतं तसा.

मग तो दुष्काळ आला. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी आईला थापता येईनात, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे, आणि ती चिडून पिठालाच बोलायची. प्यायच्या पाण्याला रांगा, मैदानावर कोण पाणी मारणार? तिकडं तर धुरळा असा की सरावाला गेलेली माणसं ओळखू येत नसत. गिरण्यांचे सामने तोंडावर आले होते आणि पहिला सामना आपल्याच मैदानावर होता. तेव्हा तुम्हाला ती युक्ती सुचली. सायझिंगमधलं उरलेलं खळीचं पाणी गटारात जायचं. तुम्ही ते पिंपात भरून बैलगाडीवरून मैदानावर आणलं आणि शिंपडलंत. मी आणि आई बघायला आलो होतो. धूळ बसली. पांढुरकं, शेणानं सारवल्यासारखं गुळगुळीत मैदान झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाइम ऑफिसातला कारकून, जो तुमच्या कुठल्याच गोष्टीला चांगलं म्हणायचा नाही, तोसुद्धा म्हणाला, "वस्ताद, धिस इज ब्रेन!" तुम्ही त्या दिवशी घरी आलात ते शीळ घालत. तुम्हाला शीळ घालता येते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

डावीकडनं पळणारा आपला गडी जेऊरकडचा. शेतात काही उरलं नाही म्हणून बायकोला घेऊन शहरात आलेला, मागावर लागलेला. खाणावळीत पंगतीच्या कडेला बसायचा आणि आईनं विचारल्याशिवाय दुसरी भाकरी घ्यायचा नाही. मैदानात मात्र त्याला लाज नव्हती. त्याच्याकडं चेंडू आला की आमची चाळ उभी राहायची. सामन्याच्या दिवशी तसाच चेंडू आला, तो कडेनं सुटला, आम्ही सगळे उठलो. आणि खळीनं धरलेला वरचा पापुद्रा त्याच्या बुटाखाली खापरासारखा सुटून घसरला. खाली दगडासारखी जमीन. त्याला पडताना मी पाहिलं नाही, समोर माणसं होती. आवाज मात्र ऐकला. तो ओरडला नव्हता, हाडच वाजलं होतं. सामना आपण हरलो. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला, आणि आखूड पायावर पाळीभर मागापुढं उभं राहता येत नाही. पावसाळा लागायच्या आत त्याचं काम गेलं.

त्यानंतर खंडेनवमीपर्यंत आपल्या बाहेरच्या खोलीत एकच विषय, वस्तादाला ठेवायचं की काढायचं. तुमच्याच घरात, तुमच्याच बायकोच्या हातचं खाऊन. तुम्ही आत चुलीपाशी बसलेले असायचात आणि बाहेरचं सगळं आत ऐकू यायचं. मी वाढायला जायची. कारकून ताटावर बोट आपटून सांगायचा, "दोन सीझन हरलो. का? तर सिस्टीम नाही. पुण्याला रीतसर कोर्स केलेला एक जण माझ्या ओळखीचा आहे, त्याला आणू." सायकल दुकानवाले मामू पेटायचे. "वस्ताद को निकाले तो टीम में क्या रैता जी? कोर्सवाला क्या धूप में खडा रैता?" आणि मागावरच्या कामगारांवर देखरेख करणारा जुना जॉबर, तुमच्याबरोबर पूर्वी खेळलेला, म्हातारा, तो म्हणायचा, "वस्ताद चुकलं आसतील. पर आपलं हायत की." हरण्याबद्दल बोलायचे, गोलकीपरबद्दल बोलायचे, रात्रपाळीवाल्यांना का खेळवत नाही याच्याबद्दल बोलायचे. मैदानावरच्या खळीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. कुणी काढलाच तर वस्तादांची काय आयडिया होती म्हणून. कधीकधी जेऊरचा गडीही तिथंच, भिंतीला कुबडी टेकवून, मान खाली घालून जेवत असायचा. मला संताप यायचा. तुमच्यावर उठलेल्यांचा यायचा, असं मला तेव्हा वाटायचं. कारकुनाला मी मुद्दाम पातळ आमटी वाढायची.

मला वाटायचं तुम्हाला राहायचंय. इतक्या वर्षांचा मान कोण सोडेल? मग एकदा असंच बाहेर रान उठलेलं असताना आई तुम्हाला म्हणाली, "जेवा की वो. काडत न्हाईत तुमास्नी. मामू हायत, जॉबर हाय." तुम्ही ताट सरकवलंत. "काडू द्यात," म्हणालात. आईला कळेना. तुम्ही हळू आवाजात, जणू चुलीलाच सांगत होता. "खळ वाळली की काय व्हतं, त्ये मला ठावं न्हवतं व्हय? जलम गेला खळीत. सूत ताट व्हतं, पापुद्रा धरतंय, मोडतंय. मला म्हाईत व्हतं. धूळ बसली बगून मी हुरळलो." आई म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं का?" "न्हाय. पर वस्तादामुळं पाय गेला, आसं कुणीतरी म्हनाया पायजे का नगं? एकानं तरी?" आईनं ताट पुन्हा तुमच्यापुढं सरकवलं. मी दारात भाकरीची टोपली घेऊन उभी होते आणि बाहेरून कुणीतरी भाकरी, भाकरी म्हणून ओरडत होतं.

खंडेनवमीचा दिवस. पाऊस त्या वर्षी झाला होता, मैदानाच्या कडेला गवत आलंय, माणसं नव्या कपड्यांत आहेत. चेंडूला झेंडूचा हार. कारकून आपल्या कोर्सवाल्याला घेऊन आलाय, तो बिचारा इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभा. म्हातारा जॉबर नारळ घेऊन तुमच्याकडं येतो. आणि तुम्ही हात मागं बांधता. आधी कुणाच्या ध्यानात येत नाही. मग सगळे वळून बघतात. तुम्ही म्हणता, "नारळ दुसऱ्याला द्या." जॉबर हसतो. "आता लगीन हाय का वस्ताद, रुसायला?" सगळे हसतात. त्यांना वाटतं तुम्हाला मान पाहिजे, समजूत काढून घ्यायचीय. तुम्ही मोठ्यानं म्हणता, "मैदानात खळ म्या टाकली." आणि मागून कुणीतरी ओरडतं, "व्हय की! म्हनून तर धूळ बसली!" टाळ्या. मामू तुमच्या गळ्यात पडतात. कारकूनसुद्धा विरघळतो, म्हणतो, ठीक आहे, सीनियर माणूस आहे, अजून एक वर्ष देऊ. तुमचा चेहरा मला दिसत होता आण्णा. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि माझ्या शेजारी आईनं पदर तोंडाला लावला होता. बायकांना वाटलं तिला आनंदानं रडू येतंय.

मग त्यांनी जेऊरच्या गड्यालाच पुढं केलं. कुणाची ही कल्पना ते मला अजून माहीत नाही, पण वाईट हेतूनं केलेली नव्हती. तो कुबडीवर आला. नारळ त्याच्या हातात दिला होता. तो म्हणाला, "घ्या वस्ताद. माज्या मनात कायबी न्हाय. तुमी न्हाय घेतला तर लोकं म्हंतील माज्यामुळं गेलं." हात मागं बांधलेल्या माणसाला हे असं म्हटल्यावर तो काय करणार? तुम्ही हात पुढं केलेत. नारळ एका फटक्यात फुटला. पाणी चेंडूवर शिंपडलंत. तुमच्या नावाचा जयजयकार झाला आणि कोर्सवाला गुपचूप सायकलवर बसून निघून गेला.

त्याच वर्षी कप आला. तोच तो फोटो. कप आला तेव्हा जेऊरचा गडी नव्हता, दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन गावाला परत गेला होता. त्याला गिरणीच्या फाटकावर बसायचं काम मिळावं म्हणून तुम्ही साहेबांच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. ते झालं नाही. पुढं तुम्ही एकदा रेल्वेनं जेऊरला जाऊन आलात. आई विचारत राहिली, भेटला का, कसा आहे. तुम्ही म्हणालात, "चहा केला तेनं." त्यापलीकडं एक अक्षर नाही. संघ तुम्ही चालवलात, दर खंडेनवमीला नारळ घेतलात, पण सरावाला उभं राहायचात ते मैदानाकडं पाठ करून, खेळणाऱ्यांच्या आवाजावरून चुका सांगत. लोक कौतुक करायचे, वस्तादांना न बघता कळतं म्हणून. छातीत कळ आली तेव्हाही तुम्ही तिथंच होता. मयतीला सगळी चाळ लोटली. मामू तर लहान मुलासारखे रडले. जॉबर म्हणाला, शेवटपर्यंत आमी त्यास्नी काडलं न्हाय.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि घरात कुणाला दाखवायचंही नाही. लिहून झालं की शेगडीत घालीन. पण एक गोष्ट लिहायची राहिलीय, ती आई जिवंत असतानाही मी तिला सांगितली नाही. सगळ्यांनी तुमच्यावर माया केली, अगदी मनापासून केली, आणि एकानंही तुमचं ऐकलं नाही. मी तुमची लाडकी लेक. चाळीत जो कुणी तुमच्याविरुद्ध बोलेल त्याच्याशी मी भांडायची, पुढं सासरीसुद्धा भांडले. पण आण्णा, त्या खंडेनवमीला मैदानावर मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हणाले असते, काढा ह्यांना.