संत जोसेफखालची टाकी

क्लिफ्टन, न्यू जर्सी
मंगळवार

ती. एर्सिलिया वन्संना असुंताचा नमस्कार,

मारिया मातेच्या कृपेने आम्ही दोघं हिंडतेफिरते आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? अर्धा तास गाडी चालवता येते का, तेही कळवा. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि मला सगळं सलग सांगायचंय.

घर विकायला काढलंय हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या बंधूंना जिना झेपत नाही, आमच्या लेकीच्या, टीनाच्या गल्लीतलं बैठं घर ठरवून ठेवलंय, आणि हे विकल्याशिवाय ते हाती येत नाही. चार महिने पाटी लावली, चिटपाखरू फिरकलं नाही. तेव्हा सगळे करतात तेच मी केलं. संत जोसेफना अंगणात हायड्रेंजियाच्या फुलझाडाच्या मुळाशी डोकं खाली, तोंड घराकडे करून पुरलं. (अवघडले की ते लवकर गिऱ्हाईक आणतात. घर विकलं की वर काढून नव्या घरात मानाने बसवायचं, असा करार.) चर्चच्या दुकानात प्लास्टिकचे संत बारा डॉलरला मिळतात. प्लास्टिकला बारा डॉलर मी देणार नाही. एक वीतभर पितळी मूर्ती हाताशी होती, ती वापरली. (हाताशी कशी आली ते पुढे.)

आठवड्यात गिऱ्हाईक! तरुण जोडपं, बाई पोटुशी. पण त्यांच्या वकिलाची अट, की अंगणात घर तापवायच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली नाही ना, ते तपासा. मी छातीठोक सांगितलं, आमच्याकडे गॅस आहे, टाकी कसली! तरी डेरेक नावाचा एक धिप्पाड माणूस धातू शोधायचं यंत्र घेऊन आलाच. सगळं अंगण फिरला, यंत्र मुकं. हायड्रेंजियापाशी मात्र असं किंचाळलं की शेजारीण खिडकीत आली. कोण बोलतंय ते मला कळलं, पण सांगणार कोणत्या तोंडाने? मी म्हटलं, तिथे काही नाही, तिथे नका खणू. "काकू," डेरेक म्हणाला, "तिथे नका म्हणतात ना, तिथेच सापडतं." हातभर खणलं आणि संतांचे पाय वर आले. डेरेकने टोपी काढली. तुमचे बंधू माझ्याकडे बघून म्हणाले, "असुंता, आणखी कोणाकोणाला पुरलंयस?"

झालं समाधान, आता बुजवा, म्हटलं. तर मेला पुन्हा यंत्र फिरवतो. संत माझ्या हातात, आणि खड्डा किंचाळतोच आहे! खाली टाकी. मामंजींनी गॅस घेतला तेव्हा टाकी काढायचा खर्च वाचवला आणि वर हायड्रेंजिया लावला. (तीस वर्षं मी त्या झाडाचं कौतुक करतेय.) टाकीची गंजून चाळण झालेली. मग माती बरण्यांत भरून प्रयोगशाळेत. तुमचे बंधू ढेकूळ हुंगून म्हणायचे, मला तर काही वास येत नाही. (यांना जळलेल्या भाजीचाही येत नाही.) अहवाल आला, तेल मुरलंय, दोन ट्रक माती काढा. हा खर्च वहीत 'बाग' खाली मांडू की 'धर्म' खाली, अजून ठरत नाही. शेवटी खड्ड्याच्या तळाची माती स्वच्छ निघाली आणि पोरं घर घ्यायला तयार झाली. पुढच्या शुक्रवारी सह्या.

प्रभू तुम्हाला सुखात आणि शांत ठेवो. (शांत, विशेषकरून.)

तुमची भावजय,
असुंता

ता. क. एक बारीकसं काम. माती काढली त्या दिवशी, नीट लक्ष ठेवा म्हणून संतांना ढिगावर बसवलं होतं. माझी कॉफी उतू गेली म्हणून आत धावले, तेवढ्यात ट्रक भरून गेला. करार मोडून सह्या कशा होणार, वन्सं? झोप उडालीय माझी. डेरेक म्हणतो, ती माती तुमच्या गावाबाहेरच्या कारखान्यात भट्टीत भाजून शुद्ध करतात. (मेलेल्या आत्म्यांसारखं मातीलाही शुद्धिस्थानाच्या आगीतून जाणं चुकत नाही.) आपल्या ढिगाची पाळी पुढच्या गुरुवारी आहे. त्याआधी जाऊन बघाल? जुने बूट घाला.

ता. क. २. ओळखायला अडचण नाही. नाताळात तुमच्या दिवाणखान्यातली सासूबाईंची मूर्ती मी नाक दुरुस्त करून आणते म्हणून नेली होती ना, तीच. नाक अजून तसंच आहे.