झिंगे कोणी सोलले

नंदनवन, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

आई, सप्रेम जयभीम.

गुडघा कसा आहे? तेल लावून राहिल्या ना? आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण आम्ही खुशाल नाही. फोन केला असता तर तुम्ही "जाऊ दे पोरी" म्हटलं असतं अन् मी गप्प बसली असती. म्हणून लिहून राहिली.

तुमाले माहीत नसन, हे घर घेताना तुमच्या धम्मदीपनं मालकीणबाईले, खालच्या मजल्यावरच्या इंदुताईले, सांगितलं होतं का आम्ही शाकाहारी आहोत. जयभीमवाले आहोत हे तर तोंडातून काढलंच नाही. दहा महिने आम्ही अंड्याची टरफलं पिशवीत बांधून ऑफिसजवळच्या कचऱ्यात टाकून राहिलो.

गुरुवारी आमच्या लग्नाले दोन वर्षं झाली. इंदुताई दोन दिवस अमरावतीले लग्नाले गेलेली, तर यालेच हौस आली. म्हणे, मोठ्या हॉटेलात देतात तसं स्टेक करू, सोबत झिंगे, मेणबत्त्या लावून. जरीपटक्याच्या बाजारात मी गेली. खाटकाले स्टेक म्हटलं तर तो माह्याकडे पाहतच राहिला. शेवटी बकऱ्याच्या मांडीचे जाड तुकडे कापून दिले. झिंगे तुमच्या लेकानं स्वतः सोलले, मोबाईलवर पाहू पाहू. लोण्यात लसूण टाकला, मटण तव्यावर दाबून भाजलं, दाराखाली टॉवेल कोंबला. दोन वर्षांत त्याले इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, खरं सांगते.

दोन घास झाले अन् बेल वाजली. इंदुताई एक दिवस आधीच परत. नाकाले पदर लावून म्हणे, "हा वास कायचा हो?"

अन् तुमचे चिरंजीव काय म्हणाले? "काकू, मी नाही खात. हिले सवय आहे. माहेरचं वळण."

आई, लोणी त्याच्या हनवटीवर होतं. अन् गेला माह्या माहेरावर. तुमच्या चुलीपाशी बसून सुकटीच्या चटणीसोबत चार-चार भाकरी ओढणारा हा माणूस. मले इतका संताप आला का तिथंच बोलली, "इंदुताई, झिंगे यानंच सोलले. आम्ही दोघंही खातो. आम्ही बौद्ध आहोत. पहिल्या दिवशी खोटं बोललो, त्याची माफी मागते. मटणाची नाही मागत."

महिन्याभरात घर खाली करा म्हणाली. ती गेली तर हा माह्यावरच. "तुले एक मिनिट गप्प बसता येत नव्हतं? काहून बोलली?" मी बसली अन् दोन्ही ताटं संपवली. मटण वातड झालं होतं. झिंगे मात्र झकास.

आता रोज संध्याकाळी घर पाहून राहिली. दार उघडलं का पहिले आमचं नाव सांगते, मग काय खातो ते सांगते, मग भाडं विचारते. दोन घरमालकांनी नाही म्हटलं. सापडन एखादं. धम्मदीपले सांगून ठेवलं, यायचं तर ये, पण तिथं पुन्हा असं बोललास तर मी तुह्यासोबत राहणार नाही.

इतका वेळ मी त्याचेच गुण गाऊन राहिली. आता माहं सांगते. दसऱ्याले तुम्ही दीक्षाभूमीवर आल्या होत्या. मुक्कामाले येते म्हणून फोन केला, तो मी उचलला. म्हटलं, घरी पाहुणे आहेत, जागा नाही. तुम्ही "बरं बेटा" म्हणाल्या अन् मैदानातच चटई टाकून झोपल्या. पाहुणे कोणी नव्हते, आई. तुमचं पांढरं लुगडं पाहून इंदुताई ओळखन, याची मले भीती वाटली. धम्मदीप तेव्हा घरात नव्हता. त्यानं सांगितलं नव्हतं. ते मी माह्या मनानं बोलली.

त्याले शिव्या द्यायच्या तर द्या. पण पहिले मले द्या.

तुमाले उघड्यावर झोपवणारी,
तुमची सून
प्रीती