मालकिणीचे हात

सरकारी योजनेच्या सरोदे मॅडमना रागानं नमस्कार.

आमच्या निरगुडसरच्या मासवडीच्या खानावळीत तुमी तपासणीला आल्या, तवा मी गल्ल्यावर बसले व्हते. धंदा बाईच्या नावावर असला तरच योजना मिळती, म्हणून ह्यांनी मला त्या दिवसापुरतं तिथं बसवलं. एरवी ती खुर्ची ह्यांची. कागदावर सही तेवढी माझी, आन् चुलीपाशी मासवड्या माझ्या. शिजलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापून, सारण भरून वळायला घरात दुसऱ्या कुणाला जमत न्हाई.

तुमी विचारलं, "धंद्यातलं कोण ठरवतं?" हे शेजारीच उभे. मी म्हणलं, "मीच." खोटं बोलले. तुमालाबी ते कळलं व्हतं, कारण फोटो काढताना तुमी हळूच म्हणाल्या, "ताई, बेसनाचे हात पदराखाली घ्या. मालकीण वाटल्या पाहिजेत."

उद्या तुमी महाळुंगे पडवळ गावच्या चाळीस बाया, खरी मालकीण कशी असती म्हणून मला बघायला आणणार. तुमचा पत्ता न् नंबर ह्यांच्याच मोबाईलमधी हाय, आन् उद्याबी हे शेजारीच असतील, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. पण या बारीला मी हात धुणार न्हाई, झाकणारबी न्हाई. खुर्ची बघायची का हात, ते त्या बाया ठरवतील.

तुमच्या फोटोतली मालकीण,
सुगंधा